जोग्जा की सोलो? जावात वर्षभर राहायचं असेल तर

जावामध्ये वर्षभर राहून शिकायची संधी मिळतेय आणि फॉर्ममध्ये शहर भरताना हात थांबलाय, योग्याकार्ता टाकू की सुराकार्ता, तर हे तुमच्यासाठी. दार्मासिस्वासारख्या इंडोनेशियन सरकारच्या स्कॉलरशिपमध्ये दोन्हीकडच्या संस्था असतात आणि तिथे न गेलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच वाटतात, राजवाडा, गामेलान (घंटा आणि धातूच्या पट्ट्यांचा तिकडचा वाद्यवृंद), बातिक (मेण लावून रंगवलेलं कापड), युनिव्हर्सिटी, सगळं दोन्हीकडे. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी जोग्जा आणि मग सोलो (तिकडे कुणी पूर्ण नावं घेत नाही, जोग्जा आणि सोलोच म्हणतात). बोरोबुदूर, वायांग वगैरे तुम्हाला माहीत आहेच असं धरून चालतो, ते परत सांगत बसत नाही.

मुळात घराणं एकच. मातारामचं राज्य, त्यातला सगळ्यात मोठा राजा सुलतान आगुंग, 1613 ते 1645. याने 1628 आणि 1629 अशी लागोपाठ दोन वर्षं डचांच्या बटावियाला (आजचं जाकार्ता) वेढा घातला, म्हणजे आपल्याकडे शिवनेरीवर महाराजांचा जन्म व्हायच्या अगदी तोंडावर. आणि याच राजाने 1633 मध्ये पंचांग बदललं, महिने इस्लामी चांद्र पद्धतीचे घेतले पण वर्षांची मोजणी मोडली नाही, शके 1555 पासून तीच पुढे चालू ठेवली. तोच शक, जो आपण गुढीपाडव्याला बदलतो. फक्त चांद्र वर्ष छोटं असल्यामुळे त्यांचा आकडा आता आपल्या पुढे गेलाय. मला ही गोष्ट तिथे गेल्यावर कळली आणि त्यानंतर ते कॅलेंडर भिंतीवर बघताना परकं वाटेना.

पुढे 1742 मध्ये कार्तासुराची राजधानी बंडात लुटली गेली, मग 1745 मध्ये तेव्हाचे राजे पाकुबुवोनो दुसरे जवळच्या सोलो गावात गेले, ते आजचं सुराकार्ता. त्यांचा भाऊ मांगकुबुमी डचांशी आणि दरबाराशी लढत राहिला आणि शेवटी 13 फेब्रुवारी 1755 ला गियांतीचा तह होऊन राज्याचे दोन तुकडे झाले, सोलोला पाकुबुवोनो तिसरे आणि जोग्जाला मांगकुबुमी, जो पहिला हामेंगकुबुवोनो झाला (तेव्हापासून सोलोचे राजे पाकुबुवोनो आणि जोग्जाचे सुलतान हामेंगकुबुवोनो, पुढे फक्त आकडा बदलतो). सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्या 1731 च्या वारणेच्या तहाने वेगळ्या झाल्या ना, तसंच काहीसं, चोवीस वर्षांनी. मग 1757 मध्ये सोलोत मांगकुनेगारान हे धाकटं घराणं आलं आणि जावा मधली काही वर्षं डचांऐवजी इंग्रजांकडे होतं त्या काळात, 1812-13 मध्ये, जोग्जात पाकुआलामान. म्हणजे आज दोन शहरं, आणि प्रत्येकात एक थोरला वाडा आणि एक धाकटा. मेल्यावर मात्र बहुतेक राजे एकाच डोंगरावर, जोग्जाच्या दक्षिणेला इमोगिरीला, सुलतान आगुंग वर मध्ये आणि खाली एका बाजूला सोलोवाले, दुसऱ्या बाजूला जोग्जावाले. आत जायला जावानीज पोशाख लागतो, तिथेच भाड्याने मिळतो. कुठलंही शहर निवडलंत तरी इमोगिरी चुकवू नका.

दोघांचा स्वभाव वेगळा का झाला ते या इतिहासात दिसतं. जोग्जा हे लढून मिळवलेलं राज्य, आणि त्याची सवय सुटली नाही. 20 जून 1812 ला इंग्रजांनी तिथला राजवाडा हल्ला करून घेतला, त्या फौजेत बंगालचे हिंदुस्थानी शिपाई होते हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. खजिना लुटला, ग्रंथालयातल्या पोथ्या उचलल्या आणि विलायतेला नेल्या. ब्रिटिश लायब्ररीने त्यातल्या 75 पोथ्यांचं डिजिटायझेशन करून 2019 मध्ये कॉप्या जोग्जाला दिल्या, मूळ पोथ्या तिकडेच आहेत. याचं मला अजूनही वाईट वाटतं, ज्या शहराच्या पोथ्या त्या शहरात बसून स्क्रीनवर वाचायच्या. मग 1825 ते 1830 दिपोनेगोरोचं डचांविरुद्धचं युद्ध, तोही तिसऱ्या हामेंगकुबुवोनोचा मुलगा. आणि 1945 मध्ये नववे हामेंगकुबुवोनो, लायडनला शिकलेला तरुण राजा, त्यांनी 5 सप्टेंबरला जाहीर करून टाकलं की आमचं राज्य इंडोनेशियन प्रजासत्ताकाचा भाग. जानेवारी 1946 पासून जोग्जा प्रजासत्ताकाची राजधानी झाली, 1949 च्या शेवटापर्यंत.

सोलोची वाट वेगळी. तिथेही सगळं शांत होतं असं नाही, 1815 मध्ये हिंदुस्थानी शिपायांचा जो कट जावात उघडकीला आला त्याचे धागे थेट चौथ्या पाकुबुवोनोपर्यंत जात होते. पण एकूणात सोलोने आपली ताकद साहित्य, संगीत आणि व्यापारात घातली. चेंतिनी हा प्रचंड पद्यग्रंथ तिथल्या दरबारातला, रांगगावार्सिता हा शेवटचा मोठा दरबारी कवी तिथला, लावेयानचे बातिक व्यापारी तिथले आणि सारेकात इस्लाम ही डच काळातली मोठी मुस्लिम राजकीय चळवळ त्यांच्यातूनच निघाली. मांगकुनेगारानच्या चौथ्या राजाने तर साखर कारखाने काढले, 1861 चा चोलोमादू कारखाना आता म्युझियम म्हणून बघता येतो. पण 1946 मध्ये राजांच्या विरोधात मोठं आंदोलन झालं आणि सोलोचा विशेष दर्जा गेला तो गेलाच. आज सोलो हे मध्य जावा प्रांतातलं एक शहर, साधारण 45 चौरस किलोमीटरचं, आणि जोग्जा हा अख्खा विशेष प्रदेश, एक शहर आणि स्लेमान, बांतुल, गुनुंगकिदुल, कुलोन प्रोगो हे चार जिल्हे, 2012 च्या कायद्याप्रमाणे सुलतान हाच गव्हर्नर, निवडणूक नाही.

याचा तुम्हाला काय फरक पडतो? बराच पडतो. जोग्जाचा क्राटोन, म्हणजे राजवाडा, ही चालती संस्था आहे, तिला पैसा आहे, दर आठवड्याचे कार्यक्रम ठरलेले आहेत, त्यांचं यूट्यूब चॅनल बघा, रेकॉर्डिंगचा दर्जा बघून मन भरून येतं. सोलोच्या थोरल्या राजवाड्याचा बराच भाग 1985 च्या आगीत गेला आणि 2004 मध्ये बारावे पाकुबुवोनो वारल्यावर गादीवर दोन भावांनी दावा केला, तो वाद वर्षानुवर्षं चालला. भिंतींचा रंग उडालाय, काही अंगणांना कुलूप. बघताना जीव तुटतो. नुसता राजवाडा बघून शहर ठरवायचं असेल तर जोग्जा, यात वादच नाही. सोलोत धाकटं घराणंच जास्त टापटीप आहे, मांगकुनेगारानला 2022 मध्ये पंचविशीतला नवा राजा गादीवर आला आणि तिथे उत्साह दिसतो.

भूगोलात जोग्जा मला जास्त आवडतं हे आधीच सांगून टाकतो. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, दक्षिणेला समुद्र, आणि या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर तुगूचा स्तंभ, राजवाडा आणि क्राप्याकचा चौथरा बांधलेला. या मांडणीला 2023 मध्ये युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला. पण त्यापेक्षा रोजच्या जगण्यात ती कशी येते ते बघण्यासारखं आहे, लोक डावीकडे उजवीकडे म्हणतच नाहीत, उत्तरेला जा मग पूर्वेला वळा असं सांगतात, आणि आकाश स्वच्छ असेल तर मेरापी दिसतो म्हणून तुम्हालाही दोनचार आठवड्यांत जमायला लागतं. सोलो सपाट खोऱ्यात, पश्चिमेला मेरापी-मरबाबू, पूर्वेला लावू, आणि कडेने बेंगावान सोलो ही जावातली सगळ्यात लांब नदी. मला सोलोत उकाडा जास्त जाणवला, हे माझ्या अंगाचं माप, थर्मामीटरचं नाही. धोका म्हणाल तर जोग्जाकडे जास्त, 27 मे 2006 चा भूकंप बांतुलला होता आणि त्यात साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, 2010 मध्ये मेरापीच्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर. राख मात्र दोघांनाही सोडत नाही, 2014 मध्ये केलूद ज्वालामुखी फुटला तो कितीतरी लांब पूर्व जावात आणि राख दोन्ही शहरांवर.

आता शिक्षण, कारण तुम्ही जाणार आहात त्यासाठीच.

जोग्जाचं या बाबतीतलं मोठेपण मान्य केलंच पाहिजे. मुहम्मदिया या मुस्लिम सुधारणावादी संघटनेची सुरुवात 1912 मध्ये तिथल्या कौमान मोहल्ल्यात, आणि तिच्या शाळा-कॉलेजं-हॉस्पिटलं आज देशभर. 1922 मध्ये की हाजार देवांतारांनी तामान सिस्वा काढली, हे पाकुआलामान घराण्यातले, डच सरकारी शाळांना पर्याय म्हणून आपल्या मातीतली शाळा. पुढे ते स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि त्यांचा जन्मदिवस, 2 मे, हा तिकडे राष्ट्रीय शिक्षण दिन. 1927 मध्ये रवींद्रनाथ टागोर जावाला गेले तेव्हा तामान सिस्वा बघून आले, शांतिनिकेतनच्या माणसाला ते आपलं वाटलं असणार. आणि गाजाह मादा युनिव्हर्सिटी, स्थापना 19 डिसेंबर 1949. तारीख बघा, बरोबर एक वर्ष आधी याच दिवशी डचांनी जोग्जावर हल्ला करून राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हत्तांना पकडलं होतं. युनिव्हर्सिटीला इमारती नव्हत्या तेव्हा नवव्या हामेंगकुबुवोनोंनी राजवाड्याचा पुढचा भाग वर्गांसाठी उघडून दिला. जिथे दरबार भरायचा तिथे पोरं वह्या घेऊन बसली. माझ्या लेखी या घराण्याची सगळ्यात मोठी कमाई ही.

सोलोकडे एवढी लांब यादी नाही. 1890 चं राद्या पुस्ताका, म्युझियम आणि ग्रंथालय एकत्र, छोटं आहे पण त्यातल्या हस्तलिखितांसाठी माणसं लांबून येतात. 1950 मध्ये काढलेली संगीत शाळा, मग 1964 ची कला अकादमी, जी बरीच वर्षं राजवाड्याच्याच आवारात सासोनोमुल्योत भरायची, आणि तीच आज आय एस आय सुराकार्ता, म्हणजे सरकारी कला विद्यापीठ. शेजारी 1976 ची सबलास मारेत युनिव्हर्सिटी. बस. इतिहास, समाजशास्त्र, इंडोनेशियन भाषा, राजकारण असं काही शिकायचं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, गाजाह मादाला जा, तिथले प्राध्यापक, लायब्ररी, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे भाषावर्ग यांच्या जवळपास सोलो येत नाही.

पण मी गेलो होतो जावानीज भाषा आणि माचापात शिकायला, म्हणजे दरबारी पोथ्यांमधली ती गायची पद्यं. आणि इथे जोग्जात एक गोष्ट मला रोज खुपायला लागली. कुणी जावानीज बोलेचना माझ्याशी. क्लासमध्ये आदरार्थी भाषा, क्रामा, घोटून घ्यायचो, बाहेर पडल्यावर विजिलानच्या गल्लीत गुडेगच्या (फणसाच्या भाजीच्या) दुकानात मावशींना अगदी अदबीने विचारायचो, "नुवुन सेवू बू, पिन्तेन?" (माफ करा मावशी, किती झाले?) आणि उत्तर यायचं सरळ इंडोनेशियनमध्ये, म्हणजे देशाच्या राष्ट्रभाषेत, "दुआ पुलुह रिबू, मास." (वीस हजार, दादा.) गोड हसून, पण इंडोनेशियनमध्ये. कोसमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या घरात, शेजारी एक सुमात्राचा, एक सुलावेसीचा, वरच्या मजल्यावर पापुआची पोरं, सगळे आपसात इंडोनेशियन. मालिओबोरो या पर्यटकांच्या बाजाररस्त्यावर तर इंग्लिशच, आणि बातिकचं प्रदर्शन आज शेवटचा दिवस असं सांगत मागे लागणारे एजंट वेगळेच.

यात कुणाची चूक नाही हे मला नीट कळतं. ज्या शहराने अख्ख्या देशाच्या पोरांना शिकायला बोलावलं, राजवाडा उघडून दिला, त्या शहराची रस्त्यावरची भाषा सगळ्यांची भाषा होणारच. समोरची बाई चांगुलपणानेच बोलत असते, परक्या पोराला त्रास नको म्हणून. पण त्याचा परिणाम असा की सकाळी दोन तास कानावर पडलेली भाषा संध्याकाळपर्यंत पुसली जायची. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. व्याकरण पाठ होत होतं, कान तयार होत नव्हता, आणि माचापात कानाशिवाय येतच नाही.

सोलोत गेलो आणि हे बदललं. पासार गेदे, 1930 मध्ये बांधलेली तिथली मोठी मंडई, तिथे दावेतचा स्टॉल आहे, नारळाचं दूध, गूळ, सब्जा आणि हिरव्या शेवया घातलेलं थंडगार. तोच प्रश्न विचारला आणि आजी म्हणाल्या, "सदासा एवू", म्हणजे क्रामामध्ये दहा हजार. मला आकडा लागला नाही, तोंडाकडे बघत राहिलो, तर त्यांनी इंडोनेशियनमध्ये सांगितलं नाही, दहा बोटं वर केली आणि परत तेच म्हणाल्या, सावकाश, "सदासा... एवू." आणि मी बरोबर म्हणेपर्यंत वाटी पुढे सरकवली नाही. शेजारची भाजीवाली पण सामील झाली. पुढे रिक्षावाला, घरमालकीण, शिंपी, सगळीकडे थोडंफार हेच. सगळं सोलो असं बोलतं असं म्हणणार नाही, तिथलीही कॉलेजची पोरं आपसात इंडोनेशियन मिसळूनच बोलतात, आणि उलट जोग्जातही बांतुलच्या खेड्यांमध्ये घरोघरी जावानीजच आहे, तिथे खोली मिळाली तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पण मध्यवस्तीत राहून कानावर काय पडतं एवढंच विचाराल तर माझ्या मते सोलो पुष्कळ पुढे.

संगीताचंही तसंच. जोग्जाची वाजवण्याची पद्धत भारदस्त, ठसठशीत, लष्करी म्हणा हवं तर, सोलोची मऊ, गायकीला जागा देणारी, नक्षी जास्त. कुठली श्रेष्ठ हा प्रश्नच नाही, दोन्हीकडचे जाणकार दुसऱ्याचंही मानतात, आणि सेकातेनच्या, म्हणजे पैगंबर जयंतीच्या उत्सवाच्या, दिवसांत मशिदीच्या अंगणात दोन्हीकडे जे प्रचंड जुने संच वाजतात ते ऐकून अंगावर काटा येतो. फरक बसण्याच्या जागेचा आहे. जोग्जाच्या राजवाड्यात मी पाहुणा होतो, तिकीट, खुर्ची, फोटो. मांगकुनेगारानमध्ये बुधवारी सकाळी नृत्याची तालीम असते, त्या मोठ्या खुल्या पेंडोपोमध्ये, म्हणजे मंडपात, छताखाली थंड फरशीवर कडेला बसायचं, कुणी उठवत नाही. काही आठवड्यांनी एका म्हाताऱ्या वादकाने मला मागे बोलावून केतुकसमोर बसवलं, सगळ्यात सोपं वाद्य, एकच भांडं, पण ठोका चुकला की सगळ्यांना कळतं. त्यांनी काही शिकवलं नाही, फक्त ठोक्याच्या आधी मान किंचित हलवायचे. लय मला त्या मानेकडे बघून कळली. आणि श्रीवेदारी थिएटरला संध्याकाळी वायांग वोंग, म्हणजे बाहुल्यांऐवजी माणसांनी केलेलं नृत्यनाट्य, अगदी स्वस्त तिकीट, महाभारत आपल्याला पाठ असल्याने भाषा अर्धी कळली तरी गोष्ट सुटत नाही, फक्त घटोत्कच हा तिकडे केवढा मोठा हिरो आहे ते बघून घ्या.

जेवणाचं थोडक्यात. दोन्हीकडे गोड. जोग्जाचा गुडेग कोवळ्या फणसाचा, गूळ घालून तासन्‌तास शिजवलेला, मराठी माणसाला लगेच जमतो पण रोज खाता येत नाही. सोलोत नासी लिवेत (नारळाच्या दुधातला भात) आणि सराबी (तांदळाची छोटी धिरडी). शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (टोफू) दोन्हीकडे भरपूर, फक्त सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बऱ्याचदा त्रासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो ते विचारून घ्या. खोलीभाडं मला सोलोत थोडं कमी पडलं.

एक गोष्ट यात तुमचं टेन्शन कमी करेल, दोन शहरांमध्ये साधारण 60 किलोमीटर अंतर आहे आणि 2021 पासून लोकल ट्रेन सुरू आहे, 8,000 रुपिया तिकीट, तासाभराच्या थोडं वर, वाटेत प्रांबानानची देवळं. त्यामुळे निवड म्हणजे दुसऱ्या शहराला मुकणं असं नाही, झोपायला कुठे आणि सकाळी दूध आणायला कुणाशी बोलणार एवढाच प्रश्न. अभ्यासाचा विषय कागदावरचा असेल, आर्काइव्ह, इतिहास, राज्यव्यवस्था, किंवा मित्रमंडळी आणि शहराची वर्दळ हवी असेल, तर जोग्जा घ्या, मनापासून सांगतो, चांगलंच आहे. विषय कानाचा असेल, गाणं, वाद्य, भाषा, नाच, तर मी तरी सोलो टाकीन, आणि शनिवारी ट्रेन धरून जोग्जाच्या लायब्ररीत जाईन.

आणि सोलो टाकलंत तर खोली केंतिंगान या युनिव्हर्सिटीच्या भागात, कॉलेजच्या गेटसमोर घेऊ नका, तिथे परत विद्यार्थ्यांचीच वस्ती आहे आणि इंडोनेशियनच ऐकू येईल. थोडं लांब पडलं तरी चालेल, पासार गेदेच्या मागच्या बाजूला किंवा मांगकुनेगारानच्या आसपास, ज्या घरात मालकीण स्वतः राहते अशी खोली बघा, आणि पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवा की माझ्याशी जावानीजमध्येच बोला.